चेहऱ्याची जडणघडण आणि डोळ्यांचा ताण: थांबावे केव्हा, धावावे केव्हा?

बाळ जन्माला आले की घरातली माणसे आधी त्याचा चेहरा पाहतात. नाक कोणावर गेले, हनुवटी कोणाची, कपाळ कोणाचे, याची चर्चा प्रसूतिगृहातच सुरू होते. मात्र बाळाचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला दिसला की तीच खोली गप्प होते. थोड्या वेळाने पहिला प्रश्न विचारला जातो, तोही डॉक्टरांना नव्हे, बाळंतिणीला: ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’

चेहऱ्याच्या जन्मजात व्यंगांबद्दल आणि डोळ्यांच्या तक्रारींबद्दल घरोघरी जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एक गमतीदार उलटापालट आढळते. ओठ, टाळू, डोक्याचा आकार, झुकलेली पापणी अशा बाबतींत ‘थोडं मोठं होऊ दे, मग बघू’ असे म्हटले जाते. वस्तुतः तेथे एकेक महिना मोलाचा असतो. उलट संगणकापुढे बसून डोळे चुरचुरू लागले की ‘डोळे जाणार तर नाहीत ना?’ अशी भीती वाटते. आणि तेथे बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नसते. कोठे थांबता येते आणि कोठे थांबता येत नाही, हे ठाऊक असले तर बरेच नुकसान टळते.

चेहरा घडतो तरी केव्हा?

गर्भाचा चेहरा एका तुकड्यात तयार होत नाही. कपाळाकडून खाली येणारा एक भाग आणि दोन्ही गालांकडून मध्यावर येणारे भाग एकमेकांना मिळतात आणि त्यांतून नाक, वरचा ओठ व टाळू आकाराला येतात. गर्भधारणेनंतरच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात ओठ जुळतो. टाळूचे दोन पडदे त्यानंतर आडवे होऊन मध्यरेषेवर सांधले जातात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत हे काम संपते. यापैकी एखादा सांधा जुळायचा राहिला, तर ओठ, हिरडी किंवा टाळू दुभंगलेली राहते. म्हणजे तेथे काही कापले गेलेले नसते. जे जुळायचे असते ते जुळलेले नसते. पाळी चुकल्याची जाणीव होऊन तपासणी होईपर्यंत ओठाचे भवितव्य बहुधा ठरून गेलेले असते.

जगभरात साधारणपणे ७०० जन्मांमागे एका बाळात हे व्यंग आढळते. भारतातील जन्मांची संख्या पाहता दरवर्षी तीस हजारांहून अधिक बाळे या व्यंगासह जन्माला येतात, असा हिशेब निघतो. ओठाचा दुभंग उजव्यापेक्षा डाव्या बाजूला अधिक दिसतो. तो मुलग्यांमध्ये जास्त असतो, तर केवळ टाळूचा दुभंग मुलींमध्ये जास्त आढळतो.

ग्रहणाचा दोष किती?

गर्भवतीने ग्रहणात चिरू नये, कापू नये, शिवू नये, पडदे लावून एका जागी बसून राहावे, ही समजूत महाराष्ट्रात शहरांतही टिकून आहे. २५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी सूर्यग्रहण आले, तेव्हा ऐन दिवाळीत अनेक घरांत हा नियम पाळला गेला. विशेष म्हणजे हजारो मैलांवरच्या मेक्सिकोतही अशीच समजूत आहे. ग्रहणात चंद्राचा लचका तुटतो तसा बाळाच्या ओठाचा तुटतो, असे तेथे मानले जाते, आणि गर्भवती स्त्री कपड्याला धातूची पिन लावून ‘संरक्षण’ करते. एका देशात धातूच्या सुरीला हात लावायचा नाही आणि दुसऱ्या देशात धातूच अंगावर बाळगायचा. दोन्हीकडे दुभंग ओठाची बाळे जन्माला येतातच.

वरच्या आठवड्यांचा हिशेब लावला तर ही समजूत आपोआप गळून पडते. ग्रहण पाळायला लावले जाते ते बहुतेक वेळा गर्भारपण दिसू लागल्यावर, म्हणजे चौथ्या-पाचव्या महिन्यात किंवा त्यानंतर. तोवर ओठ आणि टाळू जुळून झालेली असतात. त्या वेळी भाजी चिरली काय आणि न चिरली काय, जुळलेला ओठ पुन्हा उसवत नाही. तरीही हा प्रश्न निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. त्यापायी आईवर ठपका बसतो, ती अपराधी भावनेने खचते, बाळाला पाहुण्यांपासून लपवले जाते आणि शस्त्रक्रियेचा विषयच मागे पडतो.

मग कारण काय? बहुतेक बाळांच्या बाबतीत एकच एक कारण सांगता येत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती आणि गर्भारपणातील परिस्थिती यांचा एकत्र परिणाम होतो. धूम्रपान, मद्य, गर्भारपणापूर्वीपासून असलेला व आटोक्यात नसलेला मधुमेह, फिट्सवरची काही औषधे, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन व टोपिरामेट, यांमुळे धोका वाढतो. (फिट्सची औषधे मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे असते, मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावे.) फॉलिक अॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घेतली, तर मेंदू व मज्जारज्जूची व्यंगे टळतात हे निश्चित झाले आहे. ओठाच्या दुभंगाबाबत पुरावा तितका भक्कम नाही, पण गोळी घेण्यास तेवढे कारण पुरे आहे.

‘पुढचे मूलही असेच होईल का?’ हा प्रश्न आई-वडील दबक्या आवाजात विचारतात. दोघांनाही व्यंग नसेल आणि एका मुलात ते आढळले असेल, तर पुढच्या मुलात ते येण्याची शक्यता सर्वसाधारणपणे शंभरात तीन ते पाच इतकी असते. म्हणजे शंभरातील पंचाण्णव वेळा पुढचे मूल या व्यंगाविना जन्माला येते. मात्र खालच्या ओठावर दोन लहान खळगे दिसत असतील, तर व्हॅन डर वूड नावाची आनुवंशिक अवस्था असू शकते. ती असलेल्या आई किंवा वडिलांकडून तो जनुक प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे डॉक्टर आई-वडिलांचे ओठ निरखून पाहू लागले, तर त्यात नवल नाही.

अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ओठाचा दुभंग बऱ्याचदा दिसतो. केवळ टाळूचा दुभंग मात्र सहसा निसटतो. सोनोग्राफीचा अहवाल हाती पडताच काही कुटुंबांत गर्भपाताची भाषा सुरू होते. इतर कोणतेही व्यंग नसेल, तर दुभंग ओठ हा शस्त्रक्रियेने दुरुस्त होणारा दोष आहे. असा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या प्लास्टिक सर्जनची एकदा भेट घ्यावी आणि शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे पाहावीत.

एक टाळू डोक्यावर, एक तोंडात

मराठीत एक घोटाळा हमखास होतो. बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा आणि तोंडातले छत या दोन्हींना आपण टाळूच म्हणतो. ‘टाळू भरली नाही’ असे ऐकले की आजी डोक्यावर तेल थापते, आणि डॉक्टर सांगत असतात तोंडाच्या आतले. डॉक्टरांनी अशा वेळी बोट तोंडात दाखवूनच समजावलेले बरे. ओठ व्यवस्थित असूनही आतली टाळू दुभंगलेली असू शकते, म्हणून प्रत्येक नवजात बाळाचे तोंड उजेडात उघडून शेवटपर्यंत पाहिले गेले पाहिजे. दूध वारंवार नाकावाटे येणे, चोखताना दमणे, वजन न वाढणे या खुणा दिसल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी. कधी वरची त्वचा शाबूत असते आणि खालचे स्नायू तेवढे जुळलेले नसतात. अशा मुलाची पडजीभ दोन टोकांची दिसते आणि दोष कळतो तो मूल नाकातून बोलू लागल्यावर.

पहिल्या आठवड्यातला खरा प्रश्न असतो दुधाचा. फक्त ओठ दुभंगलेला असेल, तर बहुतेक बाळे अंगावर पिऊ शकतात. टाळू दुभंगलेली असेल, तर तोंडात पोकळी निर्माण होत नाही आणि चोखूनही दूध ओढले जात नाही. बाळ तासभर छातीशी असते, सगळ्यांना वाटते की ते पीत आहे, आणि प्रत्यक्षात ते उपाशी असते. यावर उपाय साधा आहे: आईचे दूध काढून ते वाटी-चमच्याने किंवा जुन्या घरांतल्या बोंडल्याने पाजावे. बाळाला आडवे न ठेवता बरेचसे उभे धरावे, थोडे थोडे दूध गालाच्या बाजूने सोडावे, हवा पोटात जास्त जाते म्हणून मध्ये मध्ये ढेकर काढावी. थोडे दूध नाकातून आले तर घाबरू नये. एका वेळचे पाजणे अर्ध्या तासाच्या आत संपावे. त्याहून जास्त वेळ लागला तर मिळालेली ताकद दूध पिण्यातच खर्च होते. दर आठवड्याला वजन करावे. शस्त्रक्रियेची तारीख लांबते ती बहुतेक वेळा याच एका कारणाने.

एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. खालचा जबडा अगदी लहान, हनुवटी आत गेलेली आणि टाळू दुभंगलेली, अशा बाळाची जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. पाठीवर झोपवल्यावर घरघर होत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर हे बाळ घरी न्यायचे नसते. त्याची काळजी रुग्णालयातच घ्यावी लागते.

शस्त्रक्रियांचे वेळापत्रक

ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात केली जाते. शल्यचिकित्सकांचा जुना ठोकताळा दहाचा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन दहा. दुभंग रुंद असेल, तर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दंतवैद्य टाळूला बसणारी छोटी प्लेट व चिकटपट्ट्या लावून हिरडीचे भाग आणि नाक जवळ आणतात. टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शिवली जाते. हिरडीतील हाडाची फट, सुळा येण्याआधी, साधारण आठ ते अकरा या वयात कमरेचे हाड घेऊन भरतात. वरचा जबडा मागे राहिला असेल, तर त्याची शस्त्रक्रिया वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षांनंतर. नाकाचे शेवटचे कामही तेव्हाच.

यातल्या टाळूच्या वेळेबाबत तडजोड करू नये. ओठ सर्वांना दिसतो म्हणून तो लवकर शिवून घेतला जातो. टाळू दिसत नाही, म्हणून ‘ओठ तर झाला’ या समाधानात राहून जाते. मूल पहिले शब्द उच्चारू लागते ते वर्षाच्या आसपास. प, ब, त, द, क, ग हे उच्चार करताना नाकाकडची वाट बंद व्हावी लागते. टाळू उघडी असेल तर हवा नाकातून निसटते आणि मूल ते वर्ण घशात दाबून काढायची सवय लावून घेते. सहा-सात वर्षांचे झाल्यावर टाळू शिवली, तरी ही सवय सहजासहजी जात नाही. शस्त्रक्रिया कोणत्याही वयात होते; चाळिशीतल्या माणसाचाही ओठ शिवला जातो. वाणी मात्र तशी थांबून राहत नाही.

टाळू शिवल्यानंतर वाणीउपचार घ्यावेच लागतात आणि तेथेही पुष्कळ पालक गळतात. काही मुलांना वाणीसाठी आणखी एक शस्त्रक्रिया लागते. कानांचीही तपासणी हवी. टाळूचे जे स्नायू कानाकडे जाणारी नळी उघडतात, तेच नीट जुळलेले नसल्याने टाळू दुभंगलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कानाच्या पडद्यामागे केव्हा ना केव्हा द्रव साचतो. मूल ‘हट्टी’ किंवा ‘दुर्लक्ष करणारे’ वाटते. प्रत्यक्षात त्याला कमी ऐकू येत असते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत वाणी व श्रवण या दोन्हींची तपासणी व उपचार होतात.

खर्चाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे, पण ते पुष्कळांना माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दुभंग ओठ-टाळू, जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिदोष यांचा त्यात समावेश आहे. अंगणवाडी व शाळेतील तपासणी पथक अशा मुलाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या स्माईल ट्रेन या संस्थेच्या मदतीने अनेक खासगी रुग्णालयांतही या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. मिर्झापूर जिल्ह्यातील एका खेडेगावातल्या मुलीवर वाराणसीत झालेल्या अशा शस्त्रक्रियेवरील ‘स्माईल पिंकी’ या माहितीपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा हा विषय काही काळ घरोघरी पोहोचला होता.

मालिश, मोहरीची उशी आणि काजळ

नवजात बाळाला न्हाऊ घालणारी बाई रोज नाक चिमटीत धरून वर ओढते, डोके दोन्ही हातांनी दाबून गोल करते. हलक्या मालिशने बाळाला बरे वाटते, पण नाकाचे हाड किंवा कूर्चा त्यामुळे धारदार होत नाही. जोराने दाबल्यास इजाच होते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बोटावरचे जंतू मात्र डोळ्यात जातात आणि काही बाजारी काजळ-सुरम्यांत शिसे आढळले आहे. डोके गोल व्हावे म्हणून वापरली जाणारी मोहरीची उशीही झोपताना टाळावी; लहान बाळाला उशीने श्वास कोंडण्याचा धोका असतो.

एका कुशीवर झोपून डोके चपटे झाले असेल, तर झोपण्याची बाजू बदलत राहणे आणि जागेपणी देखरेखीखाली पोटावर ठेवणे एवढे बहुधा पुरते. बाळ बसू लागले की आकार सुधारतो. पण कवटीच्या सांध्यावर कठीण उंचवटा लागत असेल, आकार महिन्यागणिक अधिकच बिघडत असेल किंवा डोळे खोबणीतून पुढे आलेले दिसत असतील, तर कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले असू शकतात. ही शस्त्रक्रिया बहुतांशी पहिल्या वर्षातच करावी लागते. मेंदूवर आणि दृष्टीच्या मज्जातंतूवर येणारा दाब त्यामुळे टळतो.

चेहऱ्याच्या व्यंगाचा डोळ्यांशी संबंध

येथे चेहऱ्याचा विषय डोळ्यांपाशी येऊन पोहोचतो. ज्या बाळाची टाळू दुभंगलेली, जबडा लहान आणि चेहऱ्याचा मधला भाग सपाट आहे, त्याला स्टिकलर नावाची आनुवंशिक अवस्था असू शकते. अशा मुलांना लहानपणीच मोठा मायनस नंबर असतो आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो. टाळू शिवली, बोलणे सुधारले, सगळे आनंदात आहेत, आणि दहाव्या-बाराव्या वर्षी एका डोळ्याची दृष्टी अचानक जाते, असे घडू शकते. म्हणून टाळू दुभंगलेल्या बाळाची नेत्रतपासणी पहिल्या वर्षातच व्हावी. चेहऱ्याची एक बाजू लहान असलेल्या किंवा कानाची घडण अपुरी असलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.

जन्मतः एक पापणी झुकलेली असेल, तर मूल हनुवटी वर करून पाहते. ती ऐट नसते. बाहुलीवर आलेली पापणी चुकवण्याची धडपड असते. पापणीने बाहुली झाकली जात असेल, तर त्या डोळ्याची दृष्टी विकसितच होत नाही. डोळा निरोगी असूनही मेंदू त्याच्याकडे पाहणे सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. तिरळेपणातही हेच होते. ‘थोडा तिरळा म्हणजे नशीबवान’ असे कौतुकाने म्हणत थांबणाऱ्या घरांत एका डोळ्याची दृष्टी कायमची अधू राहते. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावणे, हा उपचार सात वर्षांच्या आत सर्वाधिक गुणकारी ठरतो. नंतरही काही फायदा होतो, पण तो हळूहळू कमी होत जातो.

सगळाच तिरळेपणा खरा नसतो, हेही सांगायला हवे. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात. नाकाचे मूळ रुंद असले की डोळे आत वळल्यासारखे भासतात आणि नाक वर आले की भास नाहीसा होतो. भास कोणता आणि दोष कोणता, हे मात्र आरशात किंवा मोबाइलवरच्या छायाचित्रात ठरवू नये. छायाचित्रात एका बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ती डोळ्याच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते.

मूल नेहमी मान एका खांद्याकडे कलती ठेवत असेल, तर मानेच्या स्नायूबरोबर डोळ्यांचीही तपासणी व्हावी. डोळा फिरवणारा एक स्नायू जन्मतः कमजोर असला की दोन-दोन प्रतिमा टाळण्यासाठी मूल मान कलती करते आणि वर्षानुवर्षांच्या कलत्या मानेमुळे चेहराही एका बाजूला किंचित लहान राहतो. अशी माणसे कधी पस्तिशी-चाळिशीत ‘वाचताना डोळ्यांवर ताण येतो’ म्हणून येतात. नेत्रतज्ज्ञ त्यांचे बालपणीचे फोटो मागतात आणि प्रत्येक फोटोत मान त्याच बाजूला कललेली असते.

डोळ्यांचा ताण: भीती आणि वास्तव

डोळे जड होणे, चुरचुरणे, कपाळ दुखणे, थोडा वेळ अंधुक दिसणे या तक्रारींनी डोळा खराब होत नाही. मंद उजेडात वाचल्याने किंवा जवळून टीव्ही पाहिल्याने दृष्टी जाते, ही समजूत चुकीची आहे. पडद्याकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप कमी होते. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास असणारी ती संख्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. अश्रूंचा थर सुकतो, त्यात वातानुकूलित हवेची भर पडते. पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवणे, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहणे आणि मुद्दाम पापण्या मिटणे, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या काचांचा ताण कमी करण्यात विशेष उपयोग दिसत नाही, असा निष्कर्ष २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात निघाला. औषधाच्या दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब तर टाळलेच पाहिजेत. लाली लगेच जाते, पण वापर चालू राहिला तर डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

मग ताण दुर्लक्षणीय आहे का? मोठ्यांत बऱ्याच अंशी होय, मुलांत नाही. मूल ‘डोळे दुखतात’ असे क्वचितच म्हणते. ते गृहपाठ टाळते, ओळ चुकते, डोळे चोळते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते. त्याला न लावलेला प्लस नंबर असू शकतो, सिलिंड्रिकल नंबर असू शकतो किंवा जवळ पाहताना दोन्ही डोळे एकत्र आत वळवण्याची शक्ती कमी असू शकते. यातल्या शेवटच्या दोषावर चष्म्यापेक्षा व्यायामाचा उपयोग होतो, पण तो तपासणीशिवाय कळत नाही. शाळेत प्रवेश घेण्यापूर्वी एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी व्हावी.

‘चष्मा लावला की नंबर वाढतो’, हा आक्षेप आजही ऐकू येतो. मायनस नंबर वाढतो तो मुलाचा डोळा लांबीने वाढतो म्हणून. चष्मा न देण्याने किंवा कमी नंबरचा देण्याने ही वाढ थांबत नाही. ती थोडी आवरता येते ती मोकळ्या उजेडात. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत मायनस नंबर लागण्याचे प्रमाण इतर शाळांत ३९.५ टक्के, तर या शाळांत ३०.४ टक्के होते. मैदान नसलेल्या सोसायटीत गच्चीही चालते. नंबर वेगाने वाढत असेल, तर अॅट्रोपीनचे अत्यंत सौम्य थेंब हा पर्याय नेत्रतज्ज्ञ सुचवतात.

चाळिशीनंतर सुई ओवता न येणे, वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागणे, हा रोग नव्हे. मराठीने वाचायच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव देऊन टाकले आहे. मात्र तपासणीला गेल्यावर केवळ नंबर न घेता डोळ्यांतील दाब आणि दृष्टिपटलही पाहून घ्यावे. अचानक काळे ठिपके किंवा विजेसारख्या चमका दिसू लागल्या, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटले, दोन प्रतिमा दिसू लागल्या, तर त्याला ताण समजू नये. पन्नाशीच्या आसपास रात्री एका बाजूचे डोके फुटल्यासारखे दुखते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात आणि डोळा लाल होतो. घरात ते ‘पित्त’ ठरते आणि आल्याचा रस दिला जातो. हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री नेत्ररुग्णालय गाठावे.